तळघरातला बेसबॉल कार्डांचा बॉक्स: फोडायचा की नाही, आणि फोडला तर किंमत कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका गृहस्थांना शेजारच्या आजोबांनी घर विकताना तळघरातले तीन खोके देऊन टाकले. एक १९८९ च्या अपर डेक कंपनीच्या बेसबॉल कार्डांचा (म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या, लोक जमवतात त्या कार्डांचा) न फोडलेला बॉक्स. दुसरा १९८७ च्या टॉप्स कंपनीच्या कार्डांचा, ज्याचे झाकण उघडे आहे पण आतले पॅक, म्हणजे कार्डांची पाकिटे, बंद आहेत. तिसरा बुटांचा खोका, सुट्या कार्डांनी भरलेला. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो आणि त्याला सगळे आजच्या आज फोडायचे आहे. पुढच्या वर्षी कुटुंब पुण्याला परतणार आहे. उघडावे का, किंमत कशी कळते आणि ग्रेडिंगला (कंपनीकडून कार्डाची अवस्था तपासून दहापैकी गुण, म्हणजे ग्रेड, घ्यायला) पाठवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या कार्ड शोमध्ये, म्हणजे कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या मेळाव्यांत, टेबल लावतो. असे खोके घेऊन येणारी माणसे जवळजवळ प्रत्येक शोला भेटतात, आणि बहुतेक जण सगळे फोडून झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलेत, त्यामुळे तुमच्या हातात अजून सगळे पर्याय आहेत.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. बंद बॉक्सला स्वतःचा भाव असतो, आणि आत कोणते चांगले कार्ड निघू शकते याचा हिशेब बाजाराने त्या भावात आधीच धरलेला असतो. बॉक्स फोडला की तो भाव गेला. त्याच्या जागी जी कार्डे येतात त्यांची एकूण किंमत बहुतेक वेळा बॉक्सच्या भावापेक्षा कमीच भरते. म्हणून पैशासाठी बॉक्स फोडू नये. मुलासोबत बसून फोडण्याच्या आनंदासाठी फोडायचा असेल तर जरूर फोडा, पण तसे आधी ठरवून. ‘बघू या काय निघते’ म्हणत चार पॅक फोडायचे आणि मग थांबायचे, हा सर्वांत तोट्याचा मार्ग. बत्तीस पॅक उरलेला बॉक्स कुणी बंद बॉक्सच्या भावाने घेत नाही.

तुमचे बॉक्स कोणत्या काळातले आहेत हे कळले की बाकीचे समजायला सोपे जाईल. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० पर्यंत अमेरिकेत बेसबॉल कार्डे म्हणजे जवळजवळ एकट्या ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीची. १९८० च्या एका न्यायालयीन निकालानंतर, १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या, १९८८ मध्ये स्कोअर आली आणि १९८९ मध्ये अपर डेक. त्याच सुमारास लहानपणच्या कार्डांना हजारो डॉलर मिळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. लोकांनी कार्डे गुंतवणूक म्हणून खोकेच्या खोके विकत घेऊन तळघरात ठेवली आणि कंपन्यांनी मागणीप्रमाणे छापत सुटायचे ठरवले. साधारण १९८६-८७ ते १९९३ या काळाला इथे ‘जंक वॅक्स’ म्हणतात, म्हणजे मेणकागदाच्या पॅकमधली रद्दी.

जुन्या कार्डांना भाव आला तो ती कुणी जपली नाहीत म्हणून. १९५२ च्या टॉप्स संचातले मिकी मँटलचे ३११ क्रमांकाचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्या मालिकेतली न खपलेली कार्डे टॉप्सच्याच साय बर्जर यांनी १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली होती. १९८७ ची कार्डे मात्र सगळ्यांनीच जपली. त्यामुळे तुमच्या दोन बॉक्समध्ये ‘दुर्मीळ कार्ड’ असे फारसे काही नाही. दुर्मीळ आहे ती अवस्था: अगदी निर्दोष कोपऱ्यांचे, बरोबर मध्यावर छापलेले कार्ड. तुमची पुढची सगळी काळजी एवढ्या एका गोष्टीसाठी घ्यायची आहे.

आता अपर डेककडे येऊ, कारण तुमच्याकडचा खरा बॉक्स हाच. या कंपनीने पहिल्याच वर्षी जाड पांढरा कागद, दोन्ही बाजूंना चकचकीत छपाई, मागे नकली कार्डे ओळखता यावीत म्हणून छोटा होलोग्राम आणि मेणकागदाऐवजी फॉइलचे पॅक आणले. बबलगम नाही. आणि संचातले पहिलेच कार्ड त्यांनी दिले केन ग्रिफी ज्युनियरला, तेव्हा त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्तरावर, एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्या सिअ‍ॅटल मरिनर्स संघाच्या पोशाखातला फोटो हाताशी नव्हता, म्हणून सॅन बर्नार्डिनोच्या मायनर लीग संघाच्या टोपीतला फोटो घेऊन टोपी रंगवून मरिनर्सची केली. निळी टोपी, खांद्यावर बॅट, हसरा पोरगेला चेहरा. २०१६ मध्ये ग्रिफी ४४० पैकी ४३७ मते घेऊन हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला आणि हे कार्ड त्या सगळ्या पिढीच्या आठवणीतले कार्ड होऊन बसले.

बॉक्समध्ये ३६ पॅक, पॅकमध्ये १५ कार्डे, म्हणजे ५४०. पहिल्या मालिकेत १ ते ७०० क्रमांक आहेत. ७०१ ते ८०० वर्षाच्या उत्तरार्धात आले. तुमचा बॉक्स पहिल्या मालिकेचा असेल आणि सगळी कार्डे सारख्याच संख्येने छापली गेली असे धरले, तर ५४० भागिले ७०० म्हणजे एका बॉक्समागे सरासरी पाऊण ग्रिफी. काही बॉक्समध्ये दोन निघतात, बऱ्याच बॉक्समध्ये एकही निघत नाही. मुलाला हे फोडायच्या आधी सांगून ठेवा, म्हणजे ३६ वा पॅक संपल्यावर तोंड पडणार नाही.

त्याच बॉक्समध्ये रँडी जॉन्सन (कार्ड क्रमांक २५), जॉन स्मोल्ट्झ (१७), क्रेग बिजिओ (२७३) आहेत. तिघेही २०१५ मध्ये एकाच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्यांची कार्डे सुंदर आहेत, पण भाव मोजके डॉलर. डेल मर्फीचे ३५७ क्रमांकाचे कार्ड निघाले तर नीट पाहा: सुरुवातीच्या छपाईत फोटो उलटा छापला गेला होता, पुढे तो दुरुस्त झाला. उलट्या फोटोच्या कार्डाला वेगळा भाव आहे.

बंद बॉक्स म्हणून विकायचा असेल तर आधी तो खरोखर बंद आहे का ते पाहायला हवे. बाहेरच्या प्लास्टिकवर विसंबू नका. प्लास्टिक गुंडाळून गरम हवेने आवळायचे यंत्र कुठल्याही दुकानदाराकडे असते, आणि त्या काळातल्या टॉप्सच्या वॅक्स बॉक्सना तर कारखान्यातून प्लास्टिक यायचेच नाही. सील खरे ते पॅकचे. फॉइल पॅकच्या दोन्ही टोकांना दाबाने उमटलेले बारीक दात असतात. ते एकसारखे, सरळ आणि सलग हवेत. मागच्या शिवणीवर गोंदाची चमक, दुहेरी दाब किंवा पुन्हा वितळवल्यासारखा सुरकुतलेला भाग दिसला तर पॅक कुणीतरी आधी फोडला आहे. सगळे पॅक शेजारी शेजारी ठेवून बघा, एखादा वेगळा असेल तर तो लगेच नजरेत भरतो.

मेणकागदाच्या पॅकमध्ये ही लबाडी फार सोपी होती. इस्त्रीचे टोक टेकवले की मेण वितळून घडी पुन्हा चिकटते. तुमच्या १९८७ च्या टॉप्स पॅकच्या मागची घडी पाहा. कारखान्यातला चिकटवलेला भाग लहान आणि नेटका असतो, पुन्हा चिकटवलेल्या पॅकवर मेण पसरून कागद तेलकट, अर्धपारदर्शक दिसतो. झाकण उघडे आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण हे बॉक्स दुकानाच्या काउंटरवर झाकण मागे उभे करून ठेवण्यासाठीच बनवलेले. ३६ पॅक पूर्ण आहेत का, ते मात्र मोजा.

असे बंद बॉक्स तपासून, स्वतःच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून देणारी इंडियानातली बेसबॉल कार्ड एक्स्चेंज ही कंपनी या कामासाठी ओळखली जाते. तिच्या प्लास्टिकमधल्या बॉक्सला गिऱ्हाईक लवकर मिळते. तरीही सील म्हणजे माणसाने केलेली तपासणी. जानेवारी २०२२ मध्ये यूट्यूबर लोगन पॉलने ३५ लाख डॉलरला घेतलेली पोकेमॉन कार्डांची मोठी पेटी कॅमेऱ्यासमोर उघडली, तेव्हा आत जी. आय. जो या कार्टूनची कार्डे निघाली, आणि त्या पेटीवरही तपासणीचा शिक्का होता. तुमच्या बॉक्सची गोष्ट त्या मानाने सुरक्षित आहे: तो एकाच घरात, एकाच माणसाकडे राहिला. आजोबांकडे खरेदीची पावती असेल किंवा त्यांना दुकानाचे नाव आठवत असेल, तर ते लिहून घ्या. घेणाऱ्याला अशा माहितीचा खरा उपयोग होतो.

माझा सल्ला विचाराल तर अपर डेक बंदच विका आणि १९८७ चा टॉप्स मुलासोबत फोडा. त्यात ३६ पॅक, प्रत्येकी १७ कार्डे आहेत. लाकडासारख्या दिसणाऱ्या चौकटीचा हा संच दिसायला फार देखणा आहे आणि इतका छापला गेला आहे की बंद बॉक्सचा भावही फार नाही, म्हणजे गमावण्यासारखे थोडे आणि संध्याकाळ मजेची. बॅरी बाँड्झ (३२०), मार्क मॅग्वायर (३६६), बो जॅक्सन (१७०), विल क्लार्क (४२०) ही नावे शोधायला सांगा. मॅग्वायरचे हे कार्ड पुष्कळ जण त्याचे पहिले समजतात. टॉप्समधले त्याचे पहिले कार्ड १९८५ च्या संचात अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाच्या पोशाखात आहे. पॅकमधला गम कृपया कुणी तोंडात घालू नका. जवळजवळ चाळीस वर्षांत तो काचेसारखा ठिसूळ होतो, आणि त्याला लागून असलेल्या कार्डावर त्याचा तपकिरी डाग असतो. ते कार्ड बाँड्झचे असले तर जिवाला लागते, पण तो डाग जात नाही.

फोडताना कसे फोडायचे ते नीट सांगतो, कारण माझ्या पाहण्यात निम्मे नुकसान इथेच होते. टेबल कोरडे पुसून त्यावर गडद रंगाचा स्वच्छ सुती कपडा अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. क्रीम लावलेले नको, आणि चहा-चिवडा दुसऱ्या टेबलावर. कात्री वापरू नका, तिच्या टोकाने कोपरा कापला जातो. फॉइलचा पॅक मागच्या शिवणीतून बोटांनी हलकेच उघडा आणि गठ्ठा एकत्र बाहेर सरकू द्या. पत्त्यांसारखा पिसारा फुलवायचा नाही, पिसायचा तर नाहीच. वरचे कार्ड दोन कडांना धरून उचलायचे, पाहायचे, खाली ठेवायचे. कार्डे एकमेकांना चिकटलेली असतील तर वर ओढू नका, छपाईचा थर निघून येतो. बाजूला सरकवत सोडवा. चकचकीत कार्डांना हा त्रास जास्त. १९९१ पासूनच्या टॉप्स स्टेडियम क्लबचे पॅक ओलसर तळघरात राहिले तर कार्डांची अक्षरशः वीट होते.

चांगले कार्ड निघाले की त्याच क्षणी मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग कडक टॉपलोडरमध्ये. दोन्ही वस्तू फोडायला बसण्यापूर्वी जवळ हव्यात. रबरबँड घरात असतील तर लपवून ठेवा.

समजा ग्रिफी निघाला. आता तो कसा पारखायचा? दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि मिलिमीटरची पट्टी घ्या. आधी चौकट मोजा: डावीकडची पांढरी पट्टी तीन मिलिमीटर आणि उजवीकडची दोन असेल, तर ते ६०-४० झाले, आणि पीएसए या ग्रेडिंग कंपनीकडे १० मिळायला पुढची बाजू साधारण ५५-४५ च्या आत लागते. मागच्या बाजूला ७५-२५ पर्यंत चालते. मग कोपरे. पांढऱ्या चौकटीवर कोपऱ्याची झीज चटकन दिसत नाही, म्हणूनच तो गडद कपडा. कार्ड त्यावर ठेवून चारही कोपरे भिंगातून, दोन्ही बाजूंनी पाहा. डावीकडचा वरचा कोपरा जास्त वेळ पाहा. हे पहिल्या क्रमांकाचे कार्ड छपाईच्या मोठ्या तक्त्याच्या कोपऱ्यात होते, त्यामुळे पॅकमधून ताज्या निघालेल्या ग्रिफीचाही कोपरा दबलेला असू शकतो. शेवटी दिव्याखाली कार्ड तिरके करून चकचकीत थरावरचे ओरखडे आणि छपाईचे बारीक पांढरे ठिपके शोधा. मागचा होलोग्राम अखंड हवा.

आता आकडा सांगतो तो लक्षात ठेवा. पीएसएने आजवर एक लाखाहून जास्त ग्रिफी ग्रेड केले आहेत, आणि १० मिळालेले आहेत चार हजारांच्या थोडे वर. म्हणजे शंभरात चार, तेही लोकांनी आपापली सर्वांत चांगली प्रत निवडून पाठवलेली असताना. १० च्या प्रतीला हजार डॉलरांच्या वर मिळतात. ९ ला त्याचा लहानसा हिस्सा. ८ ला ग्रेडिंगचा खर्च वजा जाता फारसे काही उरत नाही. पीएसएचे शुल्क कार्डामागे वीस डॉलरांच्या वर, शिवाय जाण्या-येण्याचे टपाल आणि विमा. म्हणून भिंगाखाली एक जरी खोट दिसली तर ग्रेडिंगचा विचार सोडा आणि कार्ड मुलाच्या टेबलावर टॉपलोडरमध्ये दिमाखात उभे करा. जॉन्सन, स्मोल्ट्झ, १९८७ चा बाँड्झ यांना हाच नियम आणखी कडकपणे लावा.

कार्ड साफ करायला जाऊ नका. ओले फडके, खोडरबर, पॉलिश, कड सरळ करण्यासाठी केलेली किंचित छाटणी, यांतले काहीही ग्रेडरला कळते, आणि मग ग्रेडऐवजी ‘फेरफार केलेले’ असा शेरा मिळतो.

बुटांच्या खोक्याबद्दल मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे, आणि तुम्ही त्याबद्दल एका ओळीतच लिहिले आहे. आजोबांच्या वयाचा विचार करता त्यात १९५०-६० च्या दशकांतली कार्डे असू शकतात. पुष्कळदा असे खोके आंब्याच्या पेटीच्या उलट असतात: वरच्या थरात १९९० ची रद्दी आणि खाली काहीतरी चांगले. कार्ड कोणत्या वर्षाचे हे मागच्या आकडेवारीवरून कळते. शेवटच्या ओळीतल्या हंगामाच्या पुढचे वर्ष म्हणजे बहुधा कार्डाचे वर्ष. आकडेवारी १९६७ ला संपते तर कार्ड १९६८ चे. १९८० च्या आधीचे प्रत्येक कार्ड, खेळाडूचे नाव ओळखीचे असो वा नसो, वेगळे काढून स्लीव्हमध्ये घाला. इथे कोपरे गोल झालेले असले तरी चालते. जुन्या कार्डाला मध्यम अवस्थेतही गिऱ्हाईक असते.

सिगारेटच्या पाकिटात मावेल एवढे छोटे कार्ड निघाले, विशेषतः ज्याचे कार्ड सर्वांत प्रसिद्ध आहे त्या होनस वॅग्नरचे, तर हुरळून जाऊ नका. १९०९ ते १९११ च्या त्या तंबाखू-कार्डांच्या नकला उदंड आहेत. भिंगातून अक्षरे पाहा: अस्सल छपाईत अक्षरे सलग, भरीव असतात; फोटोवरून केलेल्या नकलेत ती ठिपक्या-ठिपक्यांची दिसतात. सुट्या ग्रिफीलाही हीच कसोटी लावा. पॅकमधून स्वतः काढलेल्या कार्डाबाबत ही शंका येत नाही, सुट्याबाबत येते.

किंमत काढायला ईबेवर ‘विकले गेलेले’ हा गाळणा लावा. विक्रेत्याने मागितलेल्या किमतीला काही अर्थ नाही. कुणीही कितीही मागतो. तेच वर्ष, तोच क्रमांक, तीच अवस्था असलेल्या गेल्या काही आठवड्यांतल्या पाच-सहा विक्री घ्या, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा. मिळालेल्या आकड्यातून ईबेचे तेरा टक्क्यांच्या आसपास कमिशन आणि टपाल वजा करा. शोमध्ये माझ्यासारख्याला विकाल तर बाजारभावाच्या निम्मे ते दोन तृतीयांश मिळतील. त्यात लुबाडणूक नाही, आम्हाला ते कार्ड सांभाळून पुढे विकायचे असते. पण तीन टेबलांवर विचारल्याशिवाय देऊ नका.

मुलगा टार्गेटच्या दुकानातून नवा बॉक्स मागेल, तो मागणारच. नव्या बॉक्समध्ये भाव असतो तो सह्या केलेल्या आणि क्रमांक घातलेल्या मोजक्या कार्डांना. साधी कार्डे फक्त संच जुळवायला. कोणते कार्ड किती पॅकमागे एक, हे प्रमाण पॅकवरच छापलेले असते, ते त्याच्याकडूनच वाचून घ्या. बेसबॉलपटू पॉल स्कीन्सचे जगात एकच असलेले सही-कार्ड लॉस एंजेलिसच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला निघाले आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरांच्या वर गेले. तुमच्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असेलच. त्याच्या वयाचा मुलगा, त्यामुळे समजूत घालणे अवघड जाईल. पॉकेटमनीतून महिन्याला एक-दोन पॅक, एवढे बांधून द्या.

पुण्याबद्दल. जे विकायचे ते निघण्यापूर्वी इथेच विका. बेसबॉल कार्डांचा बाजार अमेरिकेत आहे. तिथून एकेक कार्ड परत पाठवून विकणे टपाल आणि विम्याच्या खर्चात परवडत नाही. बंद बॉक्स सामानाच्या कंटेनरमध्ये घालू नका, उन्हाळ्यात आतली उष्णता आणि ओल दोन्ही वाईट. मुलाला जी पन्नास-शंभर कार्डे ठेवायची असतील ती स्लीव्हमध्ये घालून विमानात हातातल्या बॅगेतून न्या. तिकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि कार्डे वाकतात, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

या आठवड्यात एवढेच करा: अपर डेकच्या बॉक्सचे सहाही बाजूंनी फोटो काढा, आतले पॅक दिसत असतील तर त्यांच्या टोकांचेही, आणि बुटांच्या खोक्यातली १९८० आधीची कार्डे वेगळी करा. त्या कार्डांच्या पुढच्या-मागच्या बाजूंचे फोटो पाठवलेत तर कोणती भिंगाखाली घ्यायची ते मी सांगेन.